रिकामा प्लॉट, पडीक जमीन, बिघडलेली जागा : नागपुरात पाहणी कशी करावी

मानेवाड्याच्या पलीकडे एका लेआउटमध्ये, मे महिन्यात, मी पाहणीच्या फॉर्मवर कोपऱ्यावरच्या एका प्लॉटपुढे 'रिकामा' असं लिहिलं. दोनेक हजार फुटांची जागा. तारेचं कुंपण एका बाजूने लोळलेलं, आत सपाट जमीन, कडेला चार विटांवर ठेवलेली एक फळी. बाकी काही नाही. ऑगस्टमध्ये परत गेलो तर त्याच प्लॉटवर डोक्याएवढ्या उंचीपर्यंत बांबू रचलेले, वर ताडपत्री बांधलेली आणि बाजूला लोखंडी खुर्च्यांच्या थप्प्या. शेजाऱ्यांनी सांगितलं, ही जागा गेली दहा-बारा वर्षं एका बिछायत केंद्राची आहे. मे म्हणजे भर लग्नसराई, सगळं सामान मांडवांत गेलेलं. धंदा जोरात चालला होता म्हणून जागा रिकामी दिसत होती, आणि मी ती निरुपयोगी जागांच्या यादीत टाकून मोकळा झालो होतो.

ज्यांनी हे काम अजून केलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. नगररचनेचे विद्यार्थी असा, प्रभागातल्या मोकळ्या प्लॉटांवरच्या कचऱ्याने हैराण झालेले रहिवासी असा, किंवा एखाद्या संस्थेकडून पाहणीवर आलेले असा, एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. डोळ्यांना दिसलं ते एका रकान्यात, माणसांनी सांगितलं ते दुसऱ्या, कागद म्हणतो ते तिसऱ्या. हे तीन रकाने एकमेकांत मिसळले की सगळी पाहणी वाया जाते. मी हे चुकून शिकलोय, तुम्ही चुकू नये असं मनापासून वाटतं.

आधी शब्द ठरवा

आपल्याकडे 'मोकळी जागा', 'पडीक जमीन', 'रिकामा प्लॉट' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पाहणीत ते चालत नाही, कारण यातल्या दोन शब्दांना आधीच स्वतःचा अर्थ आहे. लेआउटच्या मंजूर नकाशावर 'मोकळी जागा' म्हणजे सगळ्या प्लॉटधारकांसाठी सोडलेली सामायिक जागा, जिथे पुढे बगिचा किंवा मंदिर झालेलं दिसतं. आणि 'पड' हा शब्द सातबाऱ्याचा. पीक पाहणीत 'चालू पड' आणि 'कायम पड' अशा नोंदी असतात. त्या शेतजमिनीच्या लागवडीबद्दल बोलतात, शहरातल्या प्लॉटबद्दल नाही. म्हणून मी फॉर्मवर दोनच मूळ शब्द ठेवतो. 'रिकामी' म्हणजे सध्या काही वापर नाही, पण जमीन धड आहे. 'बिघडलेली' म्हणजे आधीच्या वापराने किंवा लोकांनी टाकलेल्या घाणीने जमिनीचं असं नुकसान झालंय की दुरुस्त केल्याशिवाय ती कामी येणार नाही.

दोन्ही ओळखायला एकच प्रश्न पुरतो. उद्या सकाळी इथे काम सुरू करायचं ठरलं, तर आधी काय उचलावं, भरावं किंवा फोडावं लागेल? उत्तर 'झाडोरा काढावा लागेल' एवढंच असेल तर जागा रिकामी. मलबा, जुना पाया, खदानीचा खड्डा, तेलाने काळी पडलेली माती, पडका वाडा, यांपैकी काही असेल तर बिघडलेली. या प्रश्नाचं उत्तर देताना प्लॉटची किंमत, मालकाची ऐपत, परिसराचं वजन यातलं काहीही मनात आणू नका. जमिनीकडे पाहा.

हद्द आणि सगळ्यात लहान जागा

पहिल्यांदा करत असाल तर अख्खा प्रभाग अंगावर घेऊ नका. एक लेआउट घ्या, किंवा जुन्या वस्तीतल्या चार गल्ल्या. हद्द ओळखू येईल अशी ठेवा : या बाजूला नाला, त्या बाजूला डांबरी रस्ता.

किती लहान जागा मोजायची हेही घरूनच ठरवून निघायचं. स्कॉटलंडमध्ये रिकाम्या आणि बिघडलेल्या जमिनींची पाहणी १९८८ पासून होते आहे आणि तिथे ०.१ हेक्टरपेक्षा लहान जागा धरत नाहीत. ०.१ हेक्टर म्हणजे हजार चौरस मीटर, आपल्या भाषेत साधारण १०,७६० चौरस फूट. हा नियम नागपूरला लावला तर हाती काहीच येणार नाही; ३० बाय ५० चा नेहमीचा प्लॉट दीड हजार फुटांचा, तसे आठ प्लॉट एकत्र आले तरच एक नोंद होईल. त्यांची पद्धत तिथल्या जमिनीसाठी नीट आहे. आपल्याकडे रिकामेपणा एकेका प्लॉटाने विखुरलेला असतो, दोन घरांच्या मध्ये एक. मी लेआउटमध्ये ५०० फुटांपर्यंत खाली येतो. महाल, इतवारीत तर २०० फुटांपर्यंतही, कारण तिथे पडलेल्या वाड्याचा एवढासा तुकडाच शेजारच्या तीन भिंती ओल्या करत असतो.

निघण्याआधी नकाशा

उपग्रहाचं चित्र, लेआउटचा मंजूर नकाशा मिळाला तर तो, आणि सरकारचा भू-नकाशा, हे तिन्ही समोर ठेवून संशयित जागांवर खुणा करा. प्रत्येकीला क्रमांक द्या आणि तो पुढे कधीही बदलू नका, जागेचा वर्ग बदलला तरी. शक्य असेल तर चार-पाच वर्षांपूर्वीचं उपग्रह चित्रही पाहून ठेवा. जागा आधीपासून मोकळी होती की घर पाडून झाली, हे त्यात लगेच कळतं.

नागपुरात जमिनीचा पत्ता तीन गोष्टींनी सांगतात : मौजा (महसुली गाव), प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर). जुन्या शहरात त्याऐवजी सिटी सर्व्हे क्रमांक आणि शिट क्रमांक. फॉर्मवर दोन्हींसाठी जागा ठेवा. प्लॉट नंबर वेगळा लिहा. एकाच खसऱ्यात पन्नास प्लॉट पडलेले असतात.

कधी जायचं, काय न्यायचं

दोनदा जायचं. एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन कोरडी आणि गवत वाळलेलं असताना. तेव्हा सीमेचे दगड, जुन्या पायाच्या विटा, मलब्याचे ढीग सगळं स्पष्ट दिसतं. दुसऱ्यांदा पोळ्याच्या आसपास, पाऊस जमिनीत पुरता मुरल्यावर. तेव्हा दगड दिसणार नाहीत, तरोटा कमरेएवढा झालेला असेल, पण पाणी कुठे साचतं ते दिसेल. नागपूरच्या काळ्या मातीत हे फार महत्त्वाचं आहे. ती पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यात हातभर फाटते. मार्चमध्ये उत्तम वाटलेला प्लॉट ऑगस्टमध्ये डबकं निघतो. एप्रिल-मे टाळा. जावंच लागलं तर सकाळी सहाला निघून दहाच्या आत सावलीत या, उन्हाशी खेळू नका.

घोटे झाकणारे बूट, काठी, ३० मीटरचा टेप, पाणी, आणि ज्यांच्यातर्फे जाताय त्यांचं ओळखपत्र किंवा पत्र. एकटे जाऊ नका. झाडोऱ्यात शिरण्याआधी काठीने जमीन टोकरा, आणि हे मी सापांपेक्षा विहिरींसाठी सांगतोय. शेताचे लेआउट झाले तेव्हा कित्येक जुन्या विहिरी कठड्याशिवाय तशाच राहिल्या. त्यांच्या तोंडावर वेल पसरले की उघडी विहीर सपाट हिरवळीसारखी दिसते. अशी विहीर सापडली तर पाहणी थांबवा, शेजाऱ्यांना सांगा, झोन कार्यालयाला कळवा आणि मग पुढे चला.

जागेवर काय पाहायचं

चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो, आणि प्रत्येक फोटोची दिशा लिहा. मग लांबी-रुंदी. टेप धरायला सोबती नसेल तर पावलांनी मोजा, पण आधी घरासमोर १०० फूट टेपने आखून आपली किती पावलं होतात ते पाहून ठेवा.

मोबाइलच्या जीपीएसवर डोळे झाकून विसंबू नका. उघड्यावरही तो पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो. प्लॉटचं तोंडच ३० फूट, म्हणजे नऊ मीटर. तेव्हा नकाशावरचा ठिपका शेजारच्या घरात जाऊन बसतो आणि तुम्ही भलत्याच माणसाच्या जागेला रिकामं ठरवता. त्यापेक्षा न हलणाऱ्या वस्तूपासून मोजा : रस्त्याचा कोपरा, विजेची डीपी, हँडपंप. 'डीपीपासून पूर्वेला तिसरा प्लॉट' ही नोंद दहा वर्षांनीही कामाला येते.

झाडोरा वाचायला शिका, तो बरंच काही सांगतो. नुसतं गाजर गवत असेल तर माती अलीकडेच हललेली असते. मनगटाएवढ्या खोडाची सुबाभूळ किंवा बाभूळ उभी असेल तर काही वर्षांत कोणी हात लावलेला नाही. बेशरमाची झुडपं दिसली की तिथे पाणी थांबतं असं समजा, मार्चमध्ये जमीन कितीही कोरडी असो.

मलब्याबाबत नवखे हमखास फसतात. आपल्याकडे खोलगट प्लॉट रस्त्याच्या पातळीला आणायला मालक स्वतः मलबा मागवतो. ती भरण. रात्री ट्रॅक्टर उलटवून पळून जातात ती घाण. दोन्हींत विटा आणि सिमेंटचे तुकडेच. फरक जवळून पाहिल्यावर कळतो. भरण पसरलेली, दाबलेली, वर मुरूम टाकलेली आणि प्लॉटच्या हद्दीत संपणारी असते. टाकलेला मलबा ढिगांनी असतो, रस्त्याकडच्या तोंडाशीच असतो, आणि त्यात हमखास थर्माकोल, फुटकं सॅनिटरी, जुन्या गाद्या सापडतात. पहिली जागा रिकामी, दुसरी बिघडलेली. ढिगात टायर, करवंट्या, फुटके ड्रम असतील तर तसं वेगळं लिहा, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशा भांड्यांतल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. प्रभागात हीच नोंद सगळ्यात आधी कोणाच्या तरी उपयोगी पडते.

वर्ग लावणं

रिकामी आणि बिघडलेली हे दोन मूळ ठरले की त्यांच्या आत पोटवर्ग करा. मी वापरतो ते असे.

कधीच न बांधलेला प्लॉट. नागपूरच्या नव्या लेआउटांत बहुतेक नोंदी याच.

पूर्वी बांधकाम होतं, आता पाडून जमीन साफ केलेली.

अर्धवट बांधकाम. कॉलम उभे, सळया गंजलेल्या. ही जागा रिकामीही नाही आणि वापरातही नाही, म्हणून तिला वेगळा वर्ग द्यायलाच हवा. सळया किती गंजल्यात आणि आत झाड उगवलंय का, हे लिहा.

पडका वाडा, बंद कारखाना, गोदाम, खदान. हे बिघडलेल्यांत. गिट्टीखदान हे नावच सांगतं की या शहराने आपल्या पोटातून दगड काढलाय. अशा भागांत जुने खड्डे नंतर कशाने भरले गेले ते विचारून घ्या.

सार्वजनिक कामासाठी राखीव, पण काम न झालेली जागा. शाळेचा फलक आहे, शाळा नाही.

आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा : दिसायला रिकामी, पण वापरात असलेली. बिछायतवाल्याचा प्लॉट, उन्हाळ्यात पापड-कुरड्यांचं वाळवण घालायची जागा, म्हशी बांधायची जागा, आठवडी बाजाराचं मैदान, पोरांची क्रिकेटची पिच. यांना रिकाम्यांच्या बेरजेत मिळवू नका. तुमची यादी उद्या कोणाच्या तरी टेबलावर जाईल, आणि तिथे बसलेल्या माणसाला ती पिच दिसणार नाही.

काही जागा यादीत घ्यायच्याच नाहीत. दहनघाट, कब्रस्तान, तलावाचं पात्र, नाल्याचा काठ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घरांत शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नाल्याकाठची मोकळी पट्टी पाण्याची जागा आहे, तिच्यापुढे तसंच लिहा. शहराबाहेर गेलात तर झुडपी जंगलही सोडा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या जमिनी आहेत, आणि २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या वनच असल्याचा निकाल दिलाय. तिथे काटेरी झुडपांपलीकडे काही दिसत नसलं, तरी ती रिकामी जमीन नव्हे.

प्रत्येक वर्गापुढे तारीख हवीच. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. पुढे गिरणी बंद पडली आणि आज त्या जमिनीच्या एका भागावर मॉल आहे. त्याच जमिनीला वेगवेगळ्या वर्षी तीन वेगळे वर्ग लागले असते, आणि तिन्ही त्या-त्या दिवशी बरोबर असते.

शेजाऱ्यांशी बोलताना

हातात टेप आणि फॉर्म दिसला की लोक आधी अतिक्रमण पथक समजतात, नाहीतर प्लॉटचे दलाल. दोन्हींत तोंड बंद होतं. म्हणून 'हा प्लॉट कोणाचा?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी. सुरुवात पाण्याने करा.

"काकाजी, पावसाळ्यात या प्लॉटात पाणी किती दिवस राहते?"

"दिवाळीपर्यंत सुकत नाही ना बेटा. डासांनी जीव खाल्ला. आमच्या नातवाले डेंगू झाला होता."

एवढं झालं की पुढचं ते स्वतःच सांगतात : मालक पुण्याला मुलाकडे असतो, दर दोन वर्षांनी येऊन कुंपण पाहून जातो; किंवा भावाभावांत वाद आहे; किंवा प्लॉट दोनदा विकला गेला. हे सगळं लिहून घ्या, पण 'ऐकीव' या रकान्यात, आणि सांगणाऱ्याचं नाव न लिहिता. जागा रिकामी का राहिली याचं कारण बहुधा इथेच सापडतं, ते कागदावर नसतं. तरी ते ऐकीवच. 'कोर्ट केस आहे' असं चौघांनी सांगितलं म्हणून ती असतेच असं नाही.

कोणी त्या जागेवर राहत असेल, झोपडी असेल, तर फोटो काढण्याआधी विचारा. नाही म्हटलं तर काढू नका. तुम्ही मोजताय ती त्यांची राहायची जागा आहे.

कागद

हे काम घरी, वेगळ्या दिवशी. सातबारा सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर बघता येतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. नगर भूमापन झालेल्या भागात आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, पाहायची. नावाखेरीज या गोष्टी बघा : भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, 'इतर अधिकार' या रकान्यात काय आहे, जमीन अकृषक झाली आहे का. वर्ग २ म्हणजे विकण्यावर किंवा वापर बदलण्यावर सरकारची अट. जुन्या नागपुरात 'नझूल' लिहिलेलं दिसेल, म्हणजे जमीन सरकारची आणि समोरचा पट्टेदार. जुन्या उताऱ्यांवर १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचे शेरेही भेटतात. कायदा राज्यात २००७ मध्ये रद्द झाला, पण शेरा उतरला नसेल तर प्लॉट तिथेच अडकून राहतो.

नागपूरची खास बाब म्हणजे अनधिकृत लेआउट. इथे लोक '५७२' आणि '१९००' हे आकडे गावाच्या नावासारखे उच्चारतात. ते गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला घेतलेले लेआउट. अशा ठिकाणी 'आरएल झालं का?' हा प्रश्न विचाराच. आरएल म्हणजे सुधार प्रन्यासाचं नियमितीकरणाचं पत्र. ते नसल्याने माणसाकडे पैसा असूनही घर बांधता येत नाही आणि प्लॉट वर्षानुवर्षं गवत वाढवत बसतो. त्या मालकाला निष्काळजी समजू नका.

मोजमाप जुळवताना एककांकडे लक्ष द्या. सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो, विक्रीपत्र चौरस फुटांत, म्हातारी माणसं एकरात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर, आणि एकर म्हणजे साधारण ०.४० हेक्टर. कागदाचं माप आणि तुमचं माप जुळलं नाही तर दोन्ही लिहा, कुठलंही 'दुरुस्त' करू नका. हद्द ठरवायचा अधिकार भूमी अभिलेखच्या मोजणीला आहे, आपल्या टेपला नाही.

मालकांची नावं तुमच्याजवळ ठेवा. जी यादी इतरांना द्याल तिच्यात फक्त जागेचा क्रमांक, वर्ग, माप आणि तारीख.

तपासून पाहणं

दहांतली एक जागा दुसऱ्या माणसाने, पहिला फॉर्म न बघता, पुन्हा पाहावी. वर्ग जुळले नाहीत तर कोण चुकलं यावर वाद घालत बसू नका; बहुधा व्याख्येतच ढिलाई असते. आमच्याकडे 'अर्धवट बांधकाम' यावर दोघांचं सतत वेगळं पडायचं, कारण नुसत्या पायाला अर्धवट म्हणायचं की नाही ते लिहिलेलंच नव्हतं. आता लिहिलंय : जोत्याच्या वर काही असेल तरच अर्धवट, नुसता पाया असेल तर बिघडलेली.

जुनी नोंद कधी खोडू नका. खाली नवी ओळ, नवी तारीख. मानेवाड्याच्या त्या प्लॉटची मे महिन्यातली ओळ माझ्या तक्त्यात अजून तशीच आहे : 'रिकामी, कुंपण पडलेलं.' तिच्याखाली ऑगस्टची : 'वापरात, बिछायतीचं सामान, लग्नसराईत जागा मोकळी दिसते.' त्यानंतर मी फॉर्मवर एक रकाना वाढवला, 'वर्षाच्या दुसऱ्या हंगामात पाहिलं का?' तो भरल्याशिवाय कोणतीही जागा आम्ही शेवटच्या यादीत घेत नाही.